सगळीकडे नॉमिनी लावलेत, मग मृत्युपत्र कशाला? एका कारखानदाराच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "वय 62. शिरोली एमआयडीसीत भावाबरोबर मशीन शॉप आहे. 1996 चा भागीदारी करार, भागीदार आम्ही दोघेच. बँकेची कॅश क्रेडिट (धंद्यासाठीचे खेळते कर्ज) आहे आणि तिला दोघांची वैयक्तिक हमी. पुण्यात माझ्या आणि बायकोच्या नावावर फ्लॅट, नॉमिनी मुलगा. गावी आजोबांपासूनची सहा एकर जमीन. आजोबा 1951 ला गेले, आई 2004 ला, वडील 2011 ला. मृत्युपत्र कुणाचेच नव्हते. सातबारावर आम्हा दोघा भावांची नावे आहेत, बहिणीचे नाही. मुलगा माझ्याबरोबर शॉपमध्ये आहे, मुलगी लग्न होऊन पुण्यात. एफडी, विमा, म्युच्युअल फंड सगळीकडे नॉमिनी लावले आहेत. तरी मृत्युपत्र लागतेच का? की आताच सगळे मुलाच्या नावावर करून मोकळे व्हावे?"

उत्तर आधी देतो. मृत्युपत्र हवेच, आणि आताच सगळे मुलाच्या नावावर करू नका. पण तुमचा मजकूर वाचताना मला जास्त काळजी वाटली ती 1996 च्या कराराची. फ्लॅटचा वाद झाला तरी फ्लॅट जागेवर राहतो. शॉपचे तसे नसते. ते पंधरा दिवस बंद पडले तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाते आणि कारागीरही जातो. आपल्याकडे वडीलधारी माणसे बसतात ती "कुणाला काय" हे ठरवायला. पुढच्या दहा तारखेला पगाराच्या चेकवर सही कोण करणार, हा प्रश्न कुणी काढत नाही. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

भारतीय भागीदारी कायदा 1932 चा. करारात वेगळे काही ठरलेले नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होते, असे त्याचे 42 वे कलम सांगते. "भागीदार मयत झाल्यास फर्म चालू राहील" असे वाक्य बहुतेक छापील करारांत असते, तुमच्यातही असेल. पण भागीदार दोनच असले तर त्या वाक्याचा उपयोग नाही. एक गेल्यावर उरलेला एकटा माणूस कुणाशी भागीदारी करणार? फर्म तिथेच संपते. मयताच्या वारसाला घेऊन नवी भागीदारी करता येते, पण ती नवी फर्म असते आणि तिला दोन्ही बाजूंची तयारी लागते.

पुढे काय होते ते जवळून बघा. बँकेला मृत्यूची खबर लागली की कॅश क्रेडिट खात्यावरचे व्यवहार थांबवतात. त्यात बँकेची दुष्टबुद्धी नसते. गेलेल्या भागीदाराची जबाबदारी त्या तारखेला किती होती हे गोठवून ठेवले नाही, तर नंतर आलेल्या जमेने जुने कर्ज फिटले असे धरले जाते आणि मयताच्या इस्टेटीवरचा हक्क सुटतो. बँकेला ते परवडत नाही. तिकडे लोखंडवाल्याचा पुढच्या तारखेचा चेक पडलेला असतो, वीजबिल असते, पगार असतात. भाऊ एकट्याने शॉप चालवू म्हणाला तर मालकी बदलली, म्हणजे पॅन बदलला, म्हणजे जीएसटी नोंदणी नवी. जुन्या नोंदणीतली शिल्लक क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) आयटीसी-02 फॉर्म भरून नव्या नोंदणीत न्यावी लागते. ज्या मोठ्या कंपनीला तुम्ही पार्ट पुरवता, तिच्याकडचा व्हेंडर कोड, म्हणजे पुरवठादार म्हणून दिलेला क्रमांक, जुन्या पॅनवर असतो. तो बदलून येईपर्यंत बिले अडकतात.

एवढ्यात तुमच्या वारसांचा हिशेब उभा राहतो. हिशेब न मिटवता भावाने धंदा चालूच ठेवला, तर भागीदारी कायद्याच्या 37 व्या कलमाने तुमच्या वारसांना दोन पर्याय मिळतात. तुमच्या भांडवलावर मिळालेला नफ्यातला वाटा मागायचा, किंवा त्या रकमेवर सालाना सहा टक्के व्याज. करारात मूल्यांकनाची पद्धत लिहिलेली नसेल तर "तुमचा वाटा" म्हणजे किती, यावरच वर्षे जातात. मशिनचे पुस्तकी मूल्य लाखभर असते आणि बाजारात तेच मशीन दहा लाखांना जाते. चुलत्या-पुतण्यांतली निम्मी भांडणे या एका फरकावर उभी असतात. त्यात कुणी वाईट असायची गरज नसते.

उपाय महागडा नाही. दोघे भाऊ जिवंत आहात आणि बोलता आहात, तोवर करार बदलून घ्या. तुमचा मुलगा आणि भावाच्या घरातले एक माणूस भागीदार म्हणून आत घ्या, टक्केवारी थोडी असली तरी चालेल. चार भागीदार झाले की एकाच्या मृत्यूने फर्म संपणार नाही, आणि चालू राहण्याच्या कलमाला अर्थ येईल. नव्या करारात या गोष्टी स्पष्ट लिहा: मयताच्या बाजूने भागीदार कोण होणार, बाकीच्या वारसांचा हिस्सा पैशात किती महिन्यांत आणि किती हप्त्यांत द्यायचा, मूल्यांकन कोण आणि कशाच्या आधारे करणार, गुडविल (फर्मच्या नावलौकिकाची किंमत) धरायचे की नाही, खात्यावर सही कुणाची. मग बदल रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे नोंदवा. नोंदणी नसलेल्या फर्मला गिऱ्हाइकावर वसुलीचा दावा लावता येत नाही, हे कित्येकांना दावा फेटाळला गेल्यावर कळते. बँकेला नव्या कराराची प्रत देऊन तिची लेखी संमती घ्या. शॉपचा प्लॉट एमआयडीसीचा, म्हणजे भाडेपट्ट्याचा आहे. तो फर्मच्या नावावर आहे की दोघा भावांच्या, हे भाडेपट्टा काढून बघा. वैयक्तिक नावावर असेल तर तो धंद्याबरोबर आपोआप जाणार नाही. त्याचे हस्तांतर एमआयडीसीच्या प्रादेशिक कार्यालयातून वेगळे करून घ्यावे लागेल.

एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा कंपनी करा, असा सल्ला तुम्हाला मिळेल. वाईट नाही. तिथे माणूस गेला तरी संस्था राहते. पण दोन भावांच्या शॉपला नीट लिहिलेला भागीदारी करार बहुतेक वेळा पुरतो. फॅमिली ट्रस्टचे खूळ अलीकडे बरेच वाढले आहे. घरात आयुष्यभर सांभाळावे लागणारे अपंग मूल असेल तर ट्रस्ट मी स्वतःहून सुचवतो. नुसते प्रतिष्ठेसाठी म्हणाल तर नाही.

आता हमीचे. कॅश क्रेडिटला तुम्ही वैयक्तिक हमीदार आहात. हमीदार गेला म्हणून तोवरचे कर्ज माफ होत नाही, ते त्याच्या मिळकतीतून वसूल होते. मुलांच्या स्वतःच्या पगाराला किंवा घराला त्याने धक्का लागत नाही. वारसाची जबाबदारी वारशात जेवढे मिळाले तेवढ्यापुरतीच, अर्थात त्यांनी स्वतः हमीवर सही केलेली नसेल तर. (मुलाला भागीदार करताच बँक त्याची सही मागेल, हे धरून चला.) तरी मुलीला फ्लॅट द्यायचा आणि तोच बँकेकडे गहाण असायचा, ही चूक करू नका. मृत्युपत्रात वेगळे लिहिले नसेल तर बोजा मिळकतीबरोबर जातो. म्हणजे धंदा मुलाला आणि धंद्याचे कर्ज मुलीला. असा दावा एकदा उभा राहिला की भाऊबीज बंद होते.

याच कारणासाठी धंदेवाल्यांना मी एक गोष्ट आवर्जून सांगतो. विवाहित पुरुषाने बायको-मुलांच्या लाभासाठी 1874 च्या विवाहित स्त्री मालमत्ता कायद्याखाली विमा पॉलिसी घेतली, तर ती रक्कम त्यांच्यासाठीच्या ट्रस्टमध्ये धरली जाते. धनकोंना बुडवायच्या हेतूने हप्ते भरले नसतील तर बँकेला आणि इतर धनकोंना तिच्यावर हात टाकता येत नाही. पण हे पॉलिसी घेतानाच वेगळ्या फॉर्मवर करायचे असते. जुन्या पॉलिसीला नंतर जोडता येत नाही. 62 व्या वर्षी टर्म पॉलिसी महाग पडेल. मुलाने मात्र आज घेतली तर स्वस्तात मिळेल.

आता तुमचा मूळ प्रश्न, नॉमिनीचा. नॉमिनी म्हणजे ज्याच्या हातात पैसे दिले की बँक मोकळी होते तो माणूस. मालक ठरतो तो मृत्युपत्राने, ते नसेल तर वारसा कायद्याने. विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे 1983 लाच सरबतीदेवी खटल्यात सांगितले. शेअरबाबत मात्र मुंबई उच्च न्यायालयाच्या 2010 च्या एका निकालामुळे अनेक वर्षे उलटा समज होता. तो मिटला कालनिर्णयकार जयंत साळगावकर यांच्या वारसांच्या प्रकरणात. शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या खटल्यात 14 डिसेंबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की शेअरचा नॉमिनीसुद्धा नुसत्या नॉमिनेशनने मालक होत नाही. एक अपवाद ध्यानात ठेवा. 2015 च्या दुरुस्तीनंतर विम्यात आई-वडील, नवरा-बायको किंवा मुले नॉमिनी असतील तर ती लाभार्थी नॉमिनी धरली जातात. त्यामुळे विम्याचे नॉमिनेशन आणि मृत्युपत्र एकमेकांशी जुळते ठेवा.

म्हणजे पुण्याच्या फ्लॅटला मुलगा नॉमिनी आहे म्हणून तो मुलाचा होत नाही. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात 2019 ला आलेल्या 154ब-13 या कलमाने तर सोसायटी नॉमिनीला तात्पुरते सभासद करून घेते. पुढे मृत्युपत्र, वारस दाखला किंवा वारसांची आपसातली लेखी व्यवस्था बघून कायमचे हस्तांतर होते. तुम्ही काहीच न लिहिता गेलात तर फ्लॅटमधला तुमचा हिस्सा बायको, मुलगा आणि मुलगी यांना सारखा जातो, तिघांना एक-एक वाटा. बायकोचा हिस्सा बायकोचाच राहतो, त्याचे काय करायचे ते तिने तिच्या मृत्युपत्रात लिहायचे. दोघांची वेगवेगळी दोन मृत्युपत्रे करा. "हे बघतील" म्हणणाऱ्या वहिनींना यासाठी मुद्दाम टेबलाशी बसवा.

तरीही नॉमिनी लावण्यात आळस नको. पैसे लवकर हातात येतात ते त्याच्यामुळेच. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चार नॉमिनी देता येतात, एकाच वेळी टक्केवारीने किंवा एकामागून एक. लॉकरला फक्त एकामागून एक. मुलगा पूर्वी कुठे नोकरीला होता का? लग्नाआधी भरलेले पीएफचे नॉमिनेशन लग्नानंतर रद्द ठरते. ते बहुतेकांनी पुन्हा भरलेले नसते.

आता गावची जमीन. इथे तुमची समजूत बहुतेक अशी असेल की सहा एकर दोघा भावांची, म्हणजे तीन एकर माझे, आणि ते मी मुलाच्या नावाने लिहून देईन. तसे नाही. सातबारा आणि फेरफार हा महसुलासाठीचा कागद आहे. बहिणीचे नाव लागले नाही म्हणून तिचा हक्क जात नाही. आजोबा 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याआधी गेले, म्हणजे ही जमीन खऱ्या अर्थाने वडिलोपार्जित. 9 सप्टेंबर 2005 पासून मुलगी जन्माने सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकीच वाटेकरी, आहे, आणि वडील त्या दिवशी हयात असण्याचीही गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या विनीता शर्मा निकालाने स्पष्ट झाले. तुमचे वडील तर 2011 ला गेले. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर नोंदणीकृत वाटप किंवा कोर्टाचा हुकूमनामा झाला असेल तरच गोष्ट वेगळी. घरातल्या घरात झालेली तोंडी वाटणी सहसा टिकत नाही.

हिशेब गुंठ्यात करू. सहा एकर म्हणजे 240 गुंठे. वडील गेले त्या क्षणी वाटप झाले असे कायदा धरतो: वडील, तुम्ही, भाऊ, बहीण, प्रत्येकी 60 गुंठे. मग वडिलांचे 60 तिन्ही भावंडांत वारसाने 20-20. म्हणजे तुमच्या वाट्याला 80 गुंठे आणि बहिणीलाही पूर्ण 80. आता तुमचे 80 बघा. वडिलांकडून वारसाने आलेले 20 तुमचे स्वतःचे. उरलेल्या 60 मध्ये मात्र तुमची मुले जन्मापासून हक्कदार आहेत आणि वाटपाच्या वेळी बायकोलाही वाटा येतो. तुम्ही, बायको, मुलगा, मुलगी, चौघांना 15-15. त्यामुळे मृत्युपत्राने तुम्हाला देता येतात 20 आणि 15 मिळून 35 गुंठे. तीन एकर समजून बसलेल्या माणसाच्या हातात प्रत्यक्षात एक एकरसुद्धा येत नाही.

बहिणीला जमीन नको असेल तर ती नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून देऊ शकते. वडिलोपार्जित मिळकतीत जवळच्या नात्यात महाराष्ट्रात त्याला मुद्रांक नाममात्र लागतो. पण "सही करून टाक गं, माहेर तुटायला नको" या सुरात ते मागू नका. तिच्या दोन एकरांची आजची किंमत तिला आधी सांगा, मग विचारा. काही बहिणी तरीही सोडतात, काही अर्धे घेतात. असे समजून-उमजून झालेले हक्कसोडपत्र पुढे भाच्यांच्या दाव्यातही टिकते. हे मिटल्यावर वाटप करून घ्या. सगळे सहमत असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडून होते. हे सगळे पक्क्या मृत्युपत्राच्या आधीचे काम आहे. आपले नक्की किती ते ठरल्याशिवाय दुसऱ्याला काय लिहून देणार?

आता मृत्युपत्र. स्टॅम्प पेपर लागत नाही, कोऱ्या कागदावर मराठीत लिहिलेले चालते, हाताने लिहिले तरी चालते. नियम थोडेच आहेत: शेवटी तुमची सही, आणि तुम्हाला सही करताना पाहिलेल्या किंवा ती सही तुमचीच असल्याचे तुमच्या तोंडून ऐकलेल्या दोन साक्षीदारांच्या तुमच्या समोर सह्या. साक्षीदार तुमच्यापेक्षा वयाने बरेच लहान घ्या. वाद झाला तर निदान एकाला कोर्टात उभे करावे लागते, आणि समवयस्क मित्र तोवर असेलच असे नाही. ज्याला मिळकत मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. हिंदूंच्या बाबतीत तेवढ्याने देणगी रद्द होत नाही, पण संशयाला जागा होते. ज्या मुलाला जास्त मिळणार त्यानेच वकील गाठला, मसुदा आणला, गाडीतून वडिलांना कार्यालयात नेले, असे चित्र उभे राहिले की ते मृत्युपत्र सिद्ध करणे जड जाते. म्हणून वकिलाकडे तुम्ही एकटे जा.

नोंदणी ऐच्छिक आहे आणि फी किरकोळ. दुय्यम निबंधकासमोर तुमचा फोटो, अंगठा होतो; मी ती करायला सांगतो. पण नोंदले म्हणजे अभेद्य झाले असे नाही, आणि नंतर केलेले साधे, न नोंदलेले मृत्युपत्रसुद्धा नोंदलेल्याला रद्द करू शकते. प्रकृती बरी नसेल तर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडा. प्रोबेटचे (मृत्युपत्र खरे असल्याच्या कोर्टाच्या दाखल्याचे) म्हणाल तर कोल्हापूर-पुण्याकडे हिंदूंना ते सक्तीचे नव्हतेच. मुंबईतल्या मिळकतीला लागायचे, ते सक्तीचे करणारे भारतीय उत्तराधिकार कायद्याचे 213 वे कलमही संसदेने डिसेंबर 2025 मध्ये काढून टाकले.

मसुद्यात दोन कलमे लोक विसरतात. पहिले उरलेल्या मिळकतीचे: "वर नमूद न केलेली किंवा या मृत्युपत्रानंतर मला प्राप्त होणारी सर्व स्थावर-जंगम मिळकत माझी पत्नी हिला मिळावी." हे नसेल तर पुढे घेतलेली एफडी किंवा नवी गाडी मृत्युपत्राबाहेर राहते. दुसरे, "ती माझ्या आधी मयत झाल्यास कुणाला." त्यापुढे व्यवस्थापक नेमा, म्हणजे ज्याला इंग्रजी वळणाने सगळे एक्झिक्युटर म्हणतात तो. मुलगा-मुलगी दोघांनाही मान्य असलेला माणूस निवडा आणि त्याला आधी विचारा. मूळ प्रत कुठे आहे हे त्याला माहीत असू द्या. ती एकट्या तुमच्या नावच्या लॉकरमध्ये ठेवू नका, कारण तो लॉकर उघडायलाच कागद मागतील.

वाटणीत शॉप मुलाकडे जाणार हे उघड आहे. मग मुलीला काय? बरोबरीचे द्या असे मी म्हणत नाही. शॉपच्या वाट्याबरोबर कर्ज, हमी आणि रोजची डोकेदुखी येते. फ्लॅटचे भाडे मात्र झोपेतही जमा होते. पण कमी-जास्त का केले ते मृत्युपत्रात दोन ओळींत लिहा, आणि शक्य असेल तर हयातीतच दोघांना समोर बसवून सांगा. "तिच्या लग्नात खर्च केला" हे कारण लिहू नका. कोर्टात ते फारसे कामाचे नसते आणि मुलगी ते वाचते तेव्हा तुम्ही नसता. आणि बायकोला मुलांच्या दयेवर ठेवू नका. फ्लॅटमधला तुमचा हिस्सा आधी तिला, पूर्ण मालकीने द्या. पुढे तिचे मृत्युपत्र आहेच.

हयातीतच बक्षीसपत्र करावे का? महाराष्ट्रात राहते घर आणि शेतजमीन नवरा-बायको, मुले, नातवंडे यांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क 200 रुपये, नोंदणी फी आणि स्थानिक अधिभार वेगळे. स्वस्त आहे म्हणून लोक करतात. पण बक्षीसपत्र परत घेता येत नाही, मृत्युपत्र शंभर वेळा बदलता येते. द्यायचेच असेल तर "देणाऱ्याचा सांभाळ आणि औषधपाणी करण्याच्या अटीवर" हे शब्द दस्तात घाला. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या 23 व्या कलमाखाली, ती अट मोडली तर दस्त रद्द करून मागता येतो. अट लिहिलेली नसली की हातात फारसे काही राहत नाही.

वारसा कर आपल्याकडे 1985 पासून नाही. पुढे विकताना मात्र भांडवली नफा मोजला जातो, आणि त्यासाठी तुमची मूळ खरेदीची किंमत धरतात. म्हणून फ्लॅटचा जुना करारनामा जपा.

हे सगळे हिंदू, जैन, शीख, बौद्ध कुटुंबांपुरते. मुस्लिम व्यक्तीला साधारणपणे एक तृतीयांशापेक्षा जास्त मृत्युपत्राने देता येत नाही. गोव्यातल्या मंडळींचा कायदा आणखी वेगळा. तिथे निम्मी मिळकत मुलाबाळांसाठी राखीव असते, आणि 2019 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे गोंयकाराची मुंबईतली मिळकतही त्याच कायद्याखाली येते. तुमच्याकडे सोयरीक गोव्यात झाली असेल तर तेवढे विचारून घ्या.

क्रम असा ठेवा: आधी भागीदारी करार, मग बहिणीशी बोलणे, मग जमिनीचे वाटप, आणि सोबत लगेच एक साधे मृत्युपत्र, जे वाटप झाल्यावर बदलता येईल. वाटपाला वर्ष लागले तरी मृत्युपत्राला थांबू नका. वकिलाकडे पहिल्यांदा जाताना 1996 चा मूळ करार, एमआयडीसीचा भाडेपट्टा, बँकेचे मंजुरीपत्र आणि हमीपत्र, फ्लॅटचा करारनामा, शेअर सर्टिफिकेट, सातबारा आणि 2011 चा वारस फेरफार घेऊन जा. फेरफाराची प्रत तलाठी कार्यालयातून मिळेल. त्यात वारस म्हणून कुणाची नावे सांगितली आणि कुणी सांगितली, ते आधी स्वतः वाचा.